मोटारसायकलची बॅटरी

मोटारसायकल व स्कूटर यांचे इंजिन सेल्फने सुरू करण्यासाठी आणि प्रज्वलन, इंधन-अंतःक्षेपण, दिवे, भोंगा यांना वीज पुरवण्यासाठी वापरली जाणारी लहान, पुन्हा चार्ज करता येणारी विद्युत् घटमाला. भारतात ती आज बहुधा १२ व्होल्टची व शिसे-आम्ल जातीची असते. जुन्या गाड्यांत ६ व्होल्टचीही आढळते. धारकता साधारणपणे २.५ ते १४ अँपिअर-तास. मोटारीच्या बॅटरीच्या मानाने (सु. ३५ ते ६५ अँपिअर-तास) ही इतकी लहान असते, की मोटारीत महिनोन्‌महिने लपून राहणारी विजेची गळती येथे आठवड्याभरात उघडी पडते. त्यामुळे ‘बॅटरी गेली’ अशी तक्रार असलेल्या गाडीत बॅटरी हाच दोष आहे की ती दुसऱ्या दोषाचा बळी आहे, हे आधी ठरवावे लागते.

इतिहास : शिसे-आम्ल घटाच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. जर्मन लेखक हे श्रेय व्हिल्हेल्म योझेफ झिन्स्टेडेन यांना देतात; विरल सल्फ्युरिक आम्लात बुडवलेल्या शिशाच्या पत्र्यांतून प्रवाह सोडला असता ते वीज साठवतात, हे त्यांनी १८५४ मध्ये नोंदवले. फ्रेंच परंपरेत हा मान गास्तों प्लांते यांचा (१८५९). वीज साठते हे दिसणे आणि ती कामापुरती साठवणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घेता प्लांते यांचा दावा अधिक भक्कम वाटतो. मात्र त्यांचे पत्रे वारंवार चार्ज-डिस्चार्ज करून ‘घडवावे’ लागत आणि त्यात महिने जात. शिशाच्या जाळीत शिशाच्या ऑक्साइडाचा लगदा भरण्याची कामीय फोर यांची पद्धत सु. १८८१ मध्ये आली. मोटारसायकलच्या बॅटरीतील प्लेटा आजही याच वंशातल्या. घटातील रासायनिक विक्रियेचा वादही बराच चालला. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बनते, हे ग्लॅडस्टन व ट्राइब यांचे मत (१८८२) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ऊष्मागतिकीय मोजमापांनंतर सर्वमान्य झाले.

मॅग्नेटोमुळे (इंजिनच्या फिरण्यातूनच ठिणगीपुरती वीज निर्माण करणारे यंत्र) सुरुवातीच्या अनेक मोटारसायकलींना बॅटरीची गरज नव्हती. १९१४ मध्ये अमेरिकेतील इंडियन कंपनीने ‘हेंडी स्पेशल’ ही सेल्फ-स्टार्ट असलेली गाडी काढली. परंतु त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलला नाही व गाडी लवकरच मागे घेण्यात आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस होंडाच्या ‘ड्रीम’ मालिकेत सेल्फ आला आणि पुढे तो रुळला. भारतात किक दीर्घकाळ टिकली, त्यामुळे बॅटरी बसली तरी गाडी अडत नसे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत सतत चालू राहू लागला आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ही प्रदूषणविषयक मानके लागू होताना बहुतेक गाड्यांत इंधन-अंतःक्षेपण आले. अशा गाडीत बॅटरी पूर्ण बसली की पेट्रोलचा पंप दाब धरत नाही. मग ढकलूनही उपयोग होत नाही.

रचना : सहा घट एकसरीत जोडलेले असतात, प्रत्येकाचा विद्युत् दाब सु. २.१ व्होल्ट. धन प्लेटेवर शिशाचे डायऑक्साइड, ऋण प्लेटेवर सच्छिद्र शिसे, मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल. झाकणे उघडून पाणी घालायच्या जुन्या प्रकाराची जागा आता बहुतांशी मेंटेनन्स-फ्री प्रकाराने घेतली आहे. त्यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते आणि चार्जिंगमध्ये सुटणारा ऑक्सिजन ऋण प्लेटेवर पुन्हा पाण्यात बदलतो. चटईची ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. जेलचा (आम्ल जेलीसारखे घट्ट केलेला) प्रकार त्याआधीचा असून तो १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत झोनेनशाइन कंपनीने आणला. बाजारात दोन्हींना सरसकट ‘जेल बॅटरी’ म्हणतात, मात्र दुचाकीत मिळणारी बॅटरी बहुधा चटईचीच असते.

बिघाड : सर्वांत मोठे कारण सल्फेशन. डिस्चार्ज होताना बनणारे लेड सल्फेट बारीक कणांचे असते आणि चार्जिंगमध्ये ते विरघळते. बॅटरी अर्धवट रिकामी पडून राहिली, की हे कण वाढून टणक होतात, विजेला विरोध करतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी करतात. अशी बॅटरी चार्जरवर लावताच दाब झटकन १४ व्होल्टच्या वर चढतो, तासाभरात ‘फुल’ दिसते आणि सेल्फ मारताच ७-८ व्होल्टवर कोसळते.

सल्फेशन उलटवण्याच्या दाव्यांचा इतिहास मोठा आहे. त्यातील गाजलेले प्रकरण म्हणजे सोडियम व मॅग्नेशियम यांच्या सल्फेटांची एडी-एक्स२ ही पूड. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ती निरुपयोगी ठरवल्यावर १९५३ मध्ये संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांनाच पद सोडण्यास सांगण्यात आले. शास्त्रज्ञांनी गदारोळ केल्यावर ते पदावर राहिले आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही संस्थेचाच निष्कर्ष उचलून धरला. आज पुडीची जागा ‘पल्स’ चार्जरने घेतली आहे. ठरावीक वारंवारतेचे स्पंद स्फटिक फोडतात, असे विक्रेते सांगतात. अशा यंत्रांनी सुधारलेल्या बॅटऱ्या दिसतात हे खरे. मात्र तेवढाच परिणाम धारकतेच्या विसाव्या भागाइतक्या अल्प प्रवाहाने दोन-तीन दिवस चार्ज करूनही मिळतो, हे मत अधिक ग्राह्य दिसते. सल्फेशन काही आठवड्यांचे असेल तर काही धारकता परत येते. वर्षभर पडून असलेल्या बॅटरीत येत नाही.

इतर कारणे थोडक्यात अशी : धन प्लेटेची जाळी गंजून फुगणे, लगदा झडून तळाशी घट शॉर्ट होणे (तेव्हा दाब १०.५ व्होल्टच्या आसपास अडकतो), आतला जोड तुटणे आणि जास्त चार्जिंगने पाणी उडून जाणे. तापमान ८ ते १० अंश सेल्सिअसने वाढले की आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली बॅटरी लवकर म्हातारी होते ती यामुळेच. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर धरतो व बॅटरी ठणठणीत असूनही सेल्फ फिरत नाही. झाकणाच्या बॅटरीत पातळी कमी दिसल्यावर डिस्टिल्ड वॉटरऐवजी ॲसिड ओतण्याची चूक अजून होते. उडते ते पाणी. आम्ल आतच राहते आणि वरून घातलेल्याने तीव्रता वाढून प्लेटा खाल्ल्या जातात.

‘सेल्फ फार मारला म्हणून बॅटरी गेली’ या समजाला हिशेबाचा आधार कमी आहे. ६० अँपिअर तीन सेकंद म्हणजे ०.०५ अँपिअर-तास, ते काही मिनिटांच्या प्रवासात भरून निघते. त्याउलट ४० वॉटचे दोन जादा फॉग लाइट साडेसहा अँपिअर घेतात आणि सिग्नलवर इंजिन मंद फिरत असताना लहान गाडीची मॅग्नेट कॉइल (इंजिन चालताना वीज निर्माण करणारी) तेवढी वीज देऊ शकत नाही. बंद गाडीतील गळती याहून घातक. घड्याळ व ईसीयू (इंजिनचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट) मिळून १ ते ३ मिलिअँपिअर घेतात, हे चालण्यासारखे आहे. जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्मने २० मिलिअँपिअर घेतले तर दिवसाला ०.४८ अँपिअर-तास जातात व ५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत निम्मी होते.

तपासणी : गाडी बंद करून किमान चार तासांनी मल्टिमीटरने दाब पाहावा. १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी पूर्ण चार्ज करूनच पुढचा निष्कर्ष काढावा. नंतर सेल्फ दाबून वाचन घ्यावे. दाब ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी संशयित. दाब १२ वर टिकून नुसती रिलेची (सेल्फला वीज जोडणारा स्विच) कट-कट ऐकू येत असेल, तर दोष केबल, रिले किंवा सेल्फ मोटरमध्ये. बॅटरीचे ऋण टोक व इंजिनचे उघडे धातू यांच्यात मीटर लावून सेल्फ मारला असता अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर अर्थिंगची वायर घासून कसावी.

तिसरे वाचन इंजिन चालू असतानाचे, मिनिटाला ४ ते ५ हजार फेऱ्यांवर, हेडलाइट लावून. १३.८ ते १४.७ व्होल्ट योग्य. १३.२ च्या खाली असेल तर मॅग्नेट कॉइल, तिचा कनेक्टर (वितळलेला पांढरा कनेक्टर हा नेहमीचा गुन्हेगार) किंवा आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे कॉइलची वीज एकदिश करून दाब आवरणारे) पाहावे. १५ च्या वर गेल्यास आरआर युनिट बदलल्याशिवाय नवी बॅटरी बसवू नये. तीही काही आठवड्यांत फुगते. गळतीसाठी चावी बंद ठेवून ऋण वायर सोडवावी आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर आधी १० अँपिअरच्या, मग मिलिअँपिअरच्या पल्ल्यावर लावावा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवल्यास मीटरचा फ्यूज जातो.

नवी बॅटरी निवडणे : व्होल्टेज, अँपिअर-तास, लांबी-रुंदी-उंची आणि धन टोकाची बाजू या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. वायटीएक्स९-बीएस सारख्या संकेतांकात ‘बीएस’ म्हणजे आम्ल वेगळ्या बाटलीत मिळणारी. अंकानंतर ‘एल’ असल्यास धन टोक उजवीकडे. बाजू चुकली तर वायर ताणून जोडली जाते व पुढे घासून शॉर्ट होते. कप्प्यात बसणारी थोडी मोठी बॅटरी चालते, पण तिने चार्जिंगचा दोष झाकला जातो, जात नाही. मूळ गाडीत मेंटेनन्स-फ्री असेल तर झाकणाची स्वस्त बॅटरी घेऊ नये. आडवी बसवली असेल तर मुळीच नाही.

दुकानात दोन गोष्टी पाहाव्यात : उत्पादनाची तारीख सहा महिन्यांच्या आतली आहे का, आणि विक्रेत्याच्याच मीटरवर दाब १२.६ किंवा त्याहून अधिक आहे का. ४८ महिन्यांची हमी बहुधा अर्धी फुकट बदलून देण्याची व अर्धी प्रमाणशीर सवलतीची असते. कार्डावर तारीख व शिक्का नसेल तर ती कागदावरच राहते. बाटलीची बॅटरी असल्यास आम्ल भरून अर्धा तास शोषू द्यावे, मग धारकतेच्या दहाव्या भागाच्या प्रवाहाने चार्ज करून गाडीत बसवावी. आम्ल भरल्याबरोबर ती साधारण ८० टक्केच भरलेली असते. ‘गाडीवर होईल चार्ज’ म्हणून तशीच दिली, तर उरलेले टक्के बहुतेक कधीच भरत नाहीत. काढताना आधी ऋण वायर, बसवताना ऋण वायर शेवटी; पाना धन टोक आणि चॅसीला एकदम लागू नये म्हणून हा क्रम. टर्मिनलवर व्हॅसलिनचा पातळ थर पुरेसा.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी वजनाने शिसे-आम्लाच्या तिसऱ्या हिश्शाची व त्याहूनही हलकी. वेष्टनावरचे ‘१२ अँपिअर-तास समतुल्य’ हे सेल्फ फिरवण्याच्या ताकदीपुरते असते. प्रत्यक्ष साठा ४ अँपिअर-तासांचा असू शकतो. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, त्यामुळे हिवाळ्यातील लडाखसारख्या प्रवासाला ती गैरसोयीची.

चार्जर : ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, १४ ला दीड अँपिअरपर्यंत. मोटारींच्या बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या दुकानात ती ५-६ अँपिअरवर रात्रभर लावली, तर सकाळी कूस फुगलेली मिळते. घरासाठी ०.८ ते १ अँपिअरचा स्वयंचलित चार्जर घ्यावा. तो १४.४ ते १४.७ व्होल्टपर्यंत चढवून नंतर १३.५ ते १३.८ वर उतरतो व तेथे राहतो. साधा ‘ट्रिकल’ (सतत मंद प्रवाह देणारा) चार्जर उतरत नाही. तो महिनाभर लावून ठेवला तर मेंटेनन्स-फ्री बॅटरी आतून सुकते. तापमानानुसार दाब कमी करणारा चार्जर आपल्या हवेत जास्तीचे पैसे देण्याजोगा. अनेक स्वयंचलित चार्जर फार बसलेली बॅटरी ओळखतच नाहीत. तेव्हा ती दुसऱ्या चांगल्या १२ व्होल्टच्या बॅटरीशी धनाला धन, ऋणाला ऋण अशी काही मिनिटे जोडून चार्जर सुरू करून घेतात. लिथियमला डीसल्फेशन (सल्फेशन उलटवण्याची सोय) असलेला चार्जर वर्ज्य. आधी बॅटरीला चिमटे, मग भिंतीवरचे बटण. काढताना उलटे, कारण सुटणाऱ्या हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. वेळ अंदाजे अँपिअर-तास भागिले अँपिअर गुणिले १.३.

जुन्या बॅटरीचे शिसे पुन्हा वापरता येते, म्हणून नवी घेताना तिची किंमत वजा होते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याला दिलेल्या बॅटरीतील आम्ल मात्र बहुधा गटारात जाते.