लॉरेन्सच्या आधीचा मॉरिस जार

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' सुरू होतो तेव्हा पडदा काळाच असतो, चित्र नाही, नावं नाहीत, आणि त्या अंधारात एकदम टिंपनी, म्हणजे ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे, धडाडायला लागतात. मला अजूनही काटा येतो. ही सुरुवात सुचली ती तालवाद्यं शिकलेल्या माणसाला, म्हणून थोडं मागे जाऊया.

या सिनेमाचा संगीतकार मॉरिस जार १९२४ चा, फ्रान्समधल्या लियोंचा. इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा, ते सोडून पॅरिसच्या काँझर्वेत्वारमध्ये, म्हणजे संगीत विद्यालयात शिरला, तेही वडिलांच्या मनाविरुद्ध. तसा उशीरच झाला होता. मग ज्याँ विलारच्या नाटक कंपनीत बरीच वर्षं संगीत दिलं, आणि फ्रान्सच्या आविन्यों नाट्यमहोत्सवात नाटकाआधी तुताऱ्या वाजतात ना, त्या यानेच बांधलेल्या, आजही वाजतात. सिनेमात आणलं दिग्दर्शक जॉर्ज फ्रांज्यूने, १९५२ च्या एका शॉर्ट फिल्मसाठी.

लॉरेन्सला तो खरं तर पहिली पसंती नव्हताच. निर्माता सॅम स्पीगलच्या डोक्यात खाचातुरियन आणि बेंजामिन ब्रिटन हे नावाजलेले संगीतकार होते, ते जमलं नाही, मग ब्रॉडवेच्या संगीत नाटकांचा रिचर्ड रॉजर्स आला, पण त्याच्या चाली दिग्दर्शक डेव्हिड लीनला अजिबात पटल्या नाहीत, मग जारने स्वतःची थीम पियानोवर वाजवली आणि लीन म्हणाला हाच करेल. हातात होते फक्त सहा आठवडे! त्यात त्याने ऑन्द मार्तनो हे विजेवर चालणारं वाद्यही घातलं, वाळवंटात हवा थरथरते तसा त्याचा आवाज. पहिलं ऑस्कर इथलंच.

लीनच्याच, रशियात घडणाऱ्या 'डॉक्टर झिवागो'ला (१९६५) नायिका लाराची धून काही केल्या त्याच्या मनासारखी होईना. शेवटी लीनने जारला सांगितलं, रशिया विसर, मैत्रिणीला घेऊन डोंगरात जा आणि तिच्यासाठी लिही. ती धून आली! पण बाललाइका, हे रशियन तंतुवाद्य, वाजवणार कोण, स्टुडिओच्या ऑर्केस्ट्रात कुणालाच येत नव्हती, म्हणून जारने लॉस एंजेलिसच्या रशियन चर्चमधून वादक शोधून काढले. त्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं, तर त्याने ती धून त्यांच्याकडून अक्षरशः पाठ करून घेतली आणि मग रेकॉर्डिंगला उभं केलं.

तिसरं ऑस्कर १९८४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया'चं, तेही लीनसोबतच.