कोळंबीचा भाव बांधावर का ठरत नाही

व्यापारी तळ्यावर आला की आधी पाग, म्हणजे फेकजाळं, टाकला जातो. वर आलेल्यातली किलोभर कोळंबी तोलून नग मोजायचे. ३० भरले तर '३० काउंट', ५० भरले तर '५० काउंट'. पहिलीत एक नग ३३ ग्रॅमचा, दुसरीत २० ग्रॅमचा. काउंट जितका कमी, तितका भाव चढा. मोजताना नुकती कात टाकलेली, मऊ कवचाची कोळंबी जास्त निघाली, तर दर तिथेच तुटतो.

अमेरिकेला जाताना हेच माप बदलतं. तिथे डोकं काढलेली कोळंबी पौंडावर, म्हणजे ४५४ ग्रॅमला किती नग, अशी मोजतात. डोक्याबरोबर साधारण ३५ टक्के वजन जातं. म्हणून खोक्यावर लिहिलेली '१६/२०', म्हणजे पौंडाला १६ ते २० नगांची, ही तळ्यावरची सुमारे २६ काउंट आणि '३१/४०' ही ५० काउंट. त्या खोक्याच्या डॉलरमधल्या किमतीतून जकात, जहाजभाडं, सोलाई, बर्फ आणि वाहतूक वजा करत मागे यायचं. उरतं ते शेतकऱ्याचं. पालघर-रायगडातल्या तळ्यांचा भावही आंध्रातल्या दराशी तोलला जातो, कारण देशातली सर्वांत जास्त कोळंबी तिथेच पिकते.

हे गणित आजचं असलं, तरी त्याला वळण रोगांनी दिलं. १९९४-९५मध्ये पूर्व किनाऱ्यावर व्हाइट स्पॉट विषाणू आला. तेव्हा तळ्यांत टायगर या जातीची कोळंबी असायची. लक्षणं दिसल्यापासून ३ ते १० दिवसांत तळं रिकामं होतं, त्यामुळे शेजारच्या तळ्यात मर सुरू झाल्याचं कळलं की सगळेच एकदम काढणी करतात. बारीक माल एकाच आठवड्यात बाजारात येतो आणि भाव पडतो. रोगाबरोबर या घाईतही पैसा जातो. डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरच्या कोळंबी तळ्यांवर कडक बंधनं घातली. नोंदणी आणि परवान्याची नीट चौकट आली ती २००५च्या कायद्याने.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, अमेरिकेने भारतासह सहा देशांच्या कोळंबीवर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे माल फार स्वस्तात विकल्याबद्दलची जादा जकात, लावलं. भारताच्या बहुतेक निर्यातदारांसाठी ते १०.१७ टक्के होतं.

खरा पालट २००९चा. पिल्लं देणारी रोगमुक्त जनक कोळंबी बाहेरून आणून व्हेनामी या परदेशी जातीची शेती करायला परवानगी मिळाली. टायगर तळाशी राहते. व्हेनामी पाण्याच्या सगळ्या थरांत वावरते, म्हणून दाट सोडता येते. नियमाची मर्यादा चौरस मीटरला ६० पिल्लांची. उत्पादन झपाट्याने वाढलं आणि नशिबाने भावही मिळाला, कारण त्याच सुमारास चीन, व्हिएतनाम, मलेशिया आणि मग थायलंडमध्ये 'ईएमएस', म्हणजे लवकर मर आणणारा रोग, पसरला. पिल्लं सोडल्यावर महिनाभरातच मर लागायची. व्हिब्रिओ जिवाणूचा एक विषारी वाण हे त्याचं कारण २०१३मध्ये सापडलं. त्याच वर्षी थायलंडचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. भारतातल्या तळ्यांवर त्या वर्षी जो दर मिळाला, तो थाई शेतकऱ्याच्या नुकसानीतून आला होता. त्या दरावर विसंबून अनेकांनी नवी तळी खोदली.

पुढे इक्वेडोरने उत्पादन प्रचंड वाढवलं आणि मोठ्या कोळंबीचा तुटवडा संपला. आपल्याकडे ईएचपी हा परजीवी रुजला. त्यात कोळंबी लगेच मरत नाही, नुसती वाढ खुंटते. ९० दिवसांनीही ती ८०-१०० काउंटवरच अडकते, खाद्य मात्र चालूच राहतं, आणि एकूण खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचाच असतो.

२०२३-२४मध्ये भारतातून ७,१६,००४ टन गोठवलेली कोळंबी निर्यात झाली. त्यातली २,९७,५७१ टन एकट्या अमेरिकेला. एवढा माल एकाच दारातून जात असताना २०२४अखेर तिथे ५.७७ टक्के प्रतिपूरक शुल्क (सरकारी अनुदानाच्या भरपाईची जकात) आलं आणि २७ ऑगस्ट २०२५पासून वाढीव जकात ५० टक्क्यांवर गेली. इक्वेडोरला ती १५ टक्के होती. सर्वाधिक फटका बसला ३०-४० काउंटला, म्हणजे अमेरिकेसाठीच वाढवलेल्या मालाला. तळ्यात अजून १५ दिवस ठेवून ५०ची ४० काउंट करायची का, हा हिशेब त्यामुळे उलटला: वाढीव खाद्य आणि रोगाची जोखीम घ्यायची, तर या दोन काउंटच्या दरातला फरक तेवढा उरला पाहिजे.