दुखणं जिवंत ठेवणारं प्रोटीन

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि आपण दिवसभर घामाला शिव्या घालतो. पण ज्याला घामच येत नाही असं एखादं लेकरू या उन्हात काय करेल? असा जन्मजात आजार खरंच आहे, फार दुर्मिळ, त्याला सिपा म्हणतात. या मुलांना घाम येत नाही आणि दुखतही नाही. दुखत नाही हे ऐकायला भारी वाटतं पण तसं नाही भो, दात आले की ही मुलं स्वतःचीच जीभ, ओठ, बोटं चावून ठेवतात, हाड मोडलं तरी त्याच पायावर पळत राहतात, आणि ताप चढला की अंग थंड करायची सोयच नसते म्हणून तो जिवावर बेतू शकतो.

आता घाम आणि दुखणं यांचा संबंध काय? तर दोन्हीच्या मुळाशी नर्व्ह ग्रोथ फॅक्टर उर्फ एनजीएफ नावाचं प्रोटीन. वेदना कळवणाऱ्या नसा आणि घामाच्या ग्रंथींना कामाला लावणाऱ्या नसा, दोन्ही गर्भात असताना त्याच्यावरच जगतात. सिपात एनजीएफ असतं, पण ते पकडणारा नसेवरचा रिसेप्टर जीनमधल्या बिघाडामुळे बंद असतो, मग त्या नसा मरून जातात. घामाच्या ग्रंथी जागेवर असतात पण त्यांच्यापर्यंत नसच पोचलेली नसते.

मुळात गर्भात नसांच्या पेशी गरजेपेक्षा जास्तच तयार होतात. कपाशी टोबताना आपण एका जागी दोन सरक्या टाकतो आणि नंतर विरळणी करतो ना, तसं, फक्त इथे उपटणारं कोणी नाही. त्वचेच्या पेशी एनजीएफ अगदी थोडं सोडतात, ज्या नसेचं टोक तिथवर पोचलं तिला ते मिळतं, ते रिसेप्टरसकट आत ओढलं जातं आणि तो निरोप नसेच्या आतूनच उलटा पेशीच्या मुख्य भागाकडे जातो. मोठ्या माणसात हा रस्ता पायाच्या अंगठ्यापासून कमरेपर्यंत, जवळपास मीटरभर! ज्या पेशीला निरोप आला नाही ती स्वतःच स्वतःला संपवते.

हे शोधणारी बाई पण जबरदस्त. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी, इटलीतल्या तुरिनची, ज्यू. 1938 मध्ये मुसोलिनीच्या कायद्यांनी ज्यू लोकांना विद्यापीठातून बाहेर काढलं तर हिने घरातल्या बेडरूममध्येच लॅब मांडली, शिवणकामाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर प्रयोग चालू ठेवले. 1947 मध्ये ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. तिथे उंदराची कॅन्सरची एक गाठ कोंबडीच्या गर्भात बसवली की नसा वेड्यासारख्या फुटतात हे दिसलं. म्हणजे गाठीतून काहीतरी सुटत होतं. ते काय, हे शोधायला स्टॅन्ली कोहेन हा केमिस्ट सोबत आला, आणि इथे मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. तो पदार्थ डीएनए-आरएनएसारखा आहे का प्रोटीन, हे बघायला कोहेनने त्यात सापाचं विष टाकलं, कारण विषातलं एक एन्झाइम डीएनए-आरएनए तोडतं. झालं उलटंच, नसा अजून जास्त वाढल्या, कारण विषातच एनजीएफ भरपूर होतं! मग डोकं चाललं की विषाची ग्रंथी म्हणजे शेवटी लाळेचीच ग्रंथी, म्हणून उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या, आणि नराच्या ग्रंथीत तर खजिनाच निघाला. दोघांना 1986 चं नोबेल मिळालं. रीटाबाई 103 वर्षं जगल्या.

मोठं झाल्यावर मात्र याच प्रोटीनचा दुसरा चेहरा दिसतो. सूज आली की तिथे एनजीएफ वाढतं आणि नसा हळव्या होतात. नंदुरबारची मिरची जिभेवर नसेवरच्या ज्या चॅनलमुळे (म्हणजे बारीक दारामुळे) झोंबते तोच चॅनल उष्णता पण कळवतो, एनजीएफ त्यालाच जास्त तिखट करून ठेवतं, म्हणून सुजलेल्या जागी कोमट पाणी पण भाजतं. झिजलेल्या गुडघ्यातही हे वाढलेलं असतं.

मग एनजीएफ अडवलं तर? टॅनेझुमॅब नावाचं इंजेक्शन तेच करायचं. गुडघेदुखी कमी व्हायची, पण काही पेशंटचे सांधे झपाट्याने खराब झाले, 2010 मध्ये अमेरिकेत ट्रायल थांबवल्या, परत चालू झाल्या, शेवटी 2021 मध्ये तिथल्या सरकारी औषध खात्याच्या सल्लागारांनी 19 विरुद्ध 1 असा नकार दिला आणि कंपनीनेही नाद सोडला. (मांजर-कुत्र्यांच्या सांधेदुखीसाठी मात्र याच पद्धतीची इंजेक्शनं तिथे मंजूर आहेत, घ्या!) आणि बाहेरून दिलं तर? शुगरमुळे नसा खराब झालेल्या हजारावर पेशंटच्या ट्रायलमध्ये निम्म्यांना एनजीएफची इंजेक्शनं देऊन पाहिली, ठोस फायदा दिसला नाही आणि सुई टोचलेली जागा मात्र दुखायची.

काम झालं ते डोळ्यात. नागीण किंवा शुगरमुळे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या नसा गेल्या की डोळ्यात जखम होते, भरत नाही आणि दुखतही नाही, त्यामुळे माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो. त्यावर एनजीएफचेच ड्रॉप निघाले, सेनेजर्मिन, अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर. दर दोन तासांनी एक थेंब, दिवसातून 6 वेळा, 8 आठवडे. ड्रॉप टाकल्यावर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा साइड इफेक्ट कोणता, तर डोळा दुखणं.