बाळंतपणापलीकडचं दुखणं

मुंबईत बायकांच्या आरोग्याची फाइल उघडते ती बाळंतपणाच्या पानावर. ही सवय जुनी आहे.

सुरुवात मात्र वेगळी होती. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून बायका दुखणं अंगावर काढत. जॉर्ज किटरेज या अमेरिकन व्यापाऱ्याने आणि सोराबजी बंगाली यांनी फंड उभारला, विलायतेहून डॉ. एडिथ पीची यांना आणलं. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं, आणि तिथे तपासायला बायकाच.

सरकार बरंच मागून आलं, तेही गिरणगावातून. वाइंडिंग-रीलिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यांत बायका दिवस भरेपर्यंत राबत, मग बाळंत व्हायला कोकणात नाहीतर घाटावर जात. तेवढी मजुरी बुडाली. कामगार पुढारी ना. म. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेलं बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक बारगळलं. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात तसंच विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलावा, असंही ते म्हणाले. १९२९ चा कायदा देशातला अशा प्रकारचा पहिला. पण पैसे ठेवले मालकाच्या माथी. मग पोट दिसू लागलं की बाईला कामावरून कमी करायचं, ही पळवाट निघाली. पुढे गिरण्यांतल्या बायका घटत गेल्या. त्याला यंत्रं आणि रात्रपाळीवरची बंदीही कारण होती, तरी आंबेडकरांचा मुद्दा सोडून दिला नसता तर निदान हे एक निमित्त मालकांच्या हाती लागलं नसतं.

१९६१ च्या केंद्रीय कायद्यात २०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. खर्च अजूनही मालकाचाच, आणि चार घरची धुणीभांडी करणारीला ती रजा नाहीच.

मूल नको असलेल्या बाईचा विचार र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्येच केला आणि मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्यापायी प्राध्यापकी गेली.

मूल होण्याशी संबंध नसलेल्या दुखण्यांना फार उशिरा जागा मिळाली. १९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि थोडं प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी गर्भाशयमुखावर व्हिनेगर लावून तपासणी केली. पांढरा डाग उठला तर पुढचे उपचार. या कर्करोगाने होणारे मृत्यू तिथे ३१ टक्क्यांनी कमी भरले. निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला, २०१६ मध्ये केंद्राने अशा तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के.