पॉडकास्ट सुरू करताय? रेकॉर्डिंगआधी एवढं वाचा

संपादनासाठी येणाऱ्या नव्या ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : माईक कोणता घेऊ? आमचं उत्तरही ठरलेलं आहे : आधी खोली बघा. अडखळणं, खोकला, लांबलेल्या शांतता, एकाचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा बारीक, हे सगळं आम्ही नंतर निस्तरू शकतो. काही गोष्टी मात्र रेकॉर्ड झाल्या की झाल्या. हे पत्रक मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे घुमणारा आवाज. भिंतींवर आपटून परतलेला आवाज तुमच्या मूळ आवाजात मिसळूनच माईकमध्ये शिरतो, त्यामुळे तो नंतर नीट वेगळा काढता येत नाही. तो कमी करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण जास्त ताणली की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागतं. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणणारी शेपूट ऐकू आली तर खोली बदला, किंवा पडदे ओढा, गादी उभी करा, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. दिसायला स्टुडिओ दिसतो, पण घुमणं जेमतेम कमी होतं आणि बाहेरचा गोंगाट तसाच आत येतो. पंखा, एसी बंद ठेवा. सुरुवातीला दहा सेकंद कोणीही न बोलता रेकॉर्डिंग चालू राहू द्या. ती ‘शांतता’ आम्हाला पार्श्वभूमीची घरघर काढायला फार उपयोगी पडते.

आता माईक. घरात बोलायला शक्यतो डायनॅमिक, म्हणजे मुख्यतः जवळचाच आवाज टिपणारा माईक घ्या. कंडेन्सर माईक जास्त संवेदनशील असतो, म्हणजे तो शेजारचा कुकरही इमानदारीने टिपतो. यूएसबी माईक थेट संगणकाला लागतो. एक्सएलआर माईकला मध्ये ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक संगणकाला जोडणारी पेटी लागते, आणि एकट्याने बोलणाऱ्याला सुरुवातीला त्याची गरज नसते. खरं सांगायचं तर शांत, न घुमणाऱ्या खोलीत तोंडाजवळ धरलेला साधा फोनही उघड्या हॉलमधल्या महागड्या माईकपेक्षा बरा.

तोंड आणि माईक यांत १० ते १५ सेंटीमीटर अंतर ठेवा आणि माईक तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित तिरका ठेवा. मराठीत याची गरज जास्त, कारण फ, भ, ख, थ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो. ‘भाऊ फार भडकले’ हे वाक्य माईकसमोर एकदा सरळ आणि एकदा तिरकं बोलून ऐका, फरक लगेच कळेल.

रेकॉर्डिंगच्या मीटरवर दिसणारी आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास खेळती ठेवा, शून्य ही त्याची वरची हद्द. शून्याला टेकली की लहरींचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. मोठ्याने हसताना हे हमखास होतं, म्हणून पातळी ठरवताना एकदा खरोखर हसून बघा. पाहुणे असतील तर प्रत्येकाला वेगळा माईक आणि वेगळा ट्रॅक द्या, म्हणजे प्रत्येकाचा आवाज सुटा रेकॉर्ड होईल. एकाच माईकवर दोघं एकदम बोलले, तर त्यातला एक आवाज आम्ही सुटा करून देऊ शकत नाही. पाहुणा दुसऱ्या गावी असेल तर त्याने हेडफोन लावून आपल्या बाजूला स्वतःचं रेकॉर्डिंग करावं.

फाइल वेव्ह (WAV) या न आकसलेल्या स्वरूपात पाठवा. अर्ध्या तासाची मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची फाइल साधारण १६० एमबी होते. तीच ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीत १४ एमबीवर येते, पण ते आकसणं शेवटी, एकदाच करायचं. व्हॉइस नोट म्हणून पाठवलेला भाग आम्ही परत मागवतो, आधीच सांगून ठेवतो. तयार भाग आम्ही उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज सरासरी किती मोठा वाटतो, त्याचं माप) या पातळीवर देतो. ॲपल पॉडकास्टची शिफारसही तीच आहे.

गाण्यांबद्दल : ‘दहा सेकंद वाजवलं तर चालतं’ ही समजूत खोटी आहे. परवाना असलेलंच संगीत द्या.

पॉडकास्ट ॲपवर थेट चढवायचा नसतो. ऑडिओ एखाद्या होस्टिंग सेवेवर राहतो, ती सेवा आरएसएस फीड, म्हणजे तुमच्या भागांची आपोआप ताजी होणारी यादी बनवते, आणि ॲप्स ते फीड वाचतात. हे खातं तुमच्याच नावावर काढा, फाइल चढवण्याचं काम आमच्याकडे असलं तरी. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं. ज्यांचं फीड स्वतःच्या हातात होतं, त्यांचे भाग इतर ॲप्सवर जसेच्या तसे सुरू राहिले. फीडमधला ईमेल पत्ता कोणालाही दिसू शकतो, म्हणून त्यासाठी वेगळा पत्ता ठेवा. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल असू द्या. फोनवर ते नखाएवढं दिसतं, त्यामुळे नाव मोठ्या अक्षरांत लिहा आणि माईकचं चित्र टाळा, ते सगळ्यांकडेच असतं.

पहिला भाग पूर्ण करण्याआधी ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या माईकवर दोन मिनिटं बोलून नमुना पाठवा. खोली चालेल की नाही, ते आम्ही तेवढ्यावरून सांगतो.