लघवीचं कल्चर : बाटली देण्याआधी एवढं वाचा

"उन्हाळी लागलीय. पाणी भरपूर पितेय, धन्याचं पाणीही करून झालं, तरी जळजळ जात नाही." एप्रिल-मेमध्ये आमच्या लॅबच्या काउंटरवर कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू प्लेटवर (जंतूंचं खाद्य असलेल्या चपट्या बशीत) वाढवून तपासण्यासाठी, येणाऱ्यांकडून हे रोज ऐकू येतं. दिवसातून सात-आठ वेळा लघवी वाहून जाते, मग जंतू आत टिकतात कसे?

ते धरून बसतात. मूत्रमार्गाचे बहुतेक संसर्ग ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमुळे होतात. त्याच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि तंतूच्या टोकाला फिम-एच नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या आतल्या पेशींवर मॅनोज ही साखर असते, फिम-एच नेमकी तीच पकडतं. ही पकड निरगाठीसारखी असते. लघवीची धार जोरात आली, तंतू ओढला गेला, की ती आणखी आवळते. धार थांबली की सैल होते आणि जंतू पुढे सरकायला मोकळा. काही जंतू तर पेशीच्या आतच शिरतात. किडनीपर्यंत चढणाऱ्या काही जातींकडे पॅप-जी हे वेगळं प्रथिन असतं, ते किडनीच्या पेशींवरची दुसरी साखर धरतं. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागलं, तर रिपोर्टची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पाणी प्यायचंच. अजून न चिकटलेले जंतू त्याने निघून जातात. मॅनोजची पावडर घेऊ का, असं बऱ्याच जणी विचारतात. जंतूला खोटी साखर धरायला द्यायची, ही कल्पना सुंदर आहे. पण वारंवार त्रास होणाऱ्या सुमारे ६०० स्त्रियांना ब्रिटनमध्ये ती सहा महिने देऊन पाहिली. २०२४ मध्ये निकाल आला : फायदा दिसला नाही. त्यावर पैसे घालवावेत असं आम्हाला वाटत नाही.

आता नमुना. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधीच द्या. एक गोळी पोटात गेली तरी जंतू प्लेटवर न उगवण्याची शक्यता असते आणि मग रिपोर्ट खोटा दिलासा देतो. जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडा, मधली बाटलीत घ्या. झाकणाला आतून बोट लावू नका.

दिंडोरी, निफाडसारख्या लांबच्या गावांहून येणाऱ्यांना विशेष विनंती. उबेत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट. आम्ही तारेच्या बारीक कड्याने मिलिलिटरचा हजारावा भाग प्लेटवर पसरतो. एका जंतूपासून वाढून एक ठिपका दिसतो, म्हणून १०० ठिपके उगवले तर मिलिलिटरमागे एक लाख जंतू धरतो. बाटली एसटीत उन्हात तापली असेल, तर ही मोजणी बिघडते. शक्य असेल तर नमुना लॅबमध्येच द्या, नाहीतर बर्फाच्या डब्यातून आणा.

जंतू उगवायला एक दिवस लागतो, कोणतं औषध लागू पडेल ते तपासायला आणखी एक. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला या.