ताशी ४५ किलोमीटरचा अंतराळप्रवास

सकाळच्या मोकळ्या रस्त्यावरून कामाला निघालेली स्कूटर ताशी ४५ किलोमीटरने सहज जाते आणि ती चालवणारा त्या वेळी मनातल्या मनात महिन्याच्या दुधाचा हिशेब करत असतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, डिस्नेच्या मॅजिक किंगडम उद्यानात ‘स्पेस माउंटन’ नावाचा बंदिस्त रोलर कोस्टर आहे. त्याचा कमाल वेगही साधारण इतकाच आहे. तो १५ जानेवारी १९७५ रोजी सुरू झाला. त्याची गाडी कोठेही उलटी होत नाही, त्याचा सर्वांत मोठा उतार जेमतेम आठ मीटरचा आहे आणि ११२ सेंटिमीटर उंचीच्या मुलालाही त्यात बसता येते. उघड्यावरच्या आधुनिक कोस्टरांशी तुलना केली तर हे आकडे किरकोळ वाटतील. असे असूनही त्याच्यासमोरची रांग पन्नास वर्षांत आटलेली नाही आणि बाहेर पडणाऱ्याला आपण किती वेगाने गेलो असे विचारले, तर तो खरा आकडा क्वचितच सांगू शकेल. या फसगतीत डोळा, कान, मानेचे स्नायू आणि इमारत बांधणारा अभियंता असे सगळेच सामील असतात.

वेग मोजणारे इंद्रिय माणसाला नाही. स्थिर वेगाने जाणाऱ्या बंद डब्यात आपल्याला वेग कळत नाही. कळतो तो वेगातील बदल. बाकीचा अंदाज डोळा बांधतो, आणि तोही आजूबाजूच्या वस्तू दृष्टीसमोरून किती झपाट्याने सरकतात त्यावरून. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. या वेगाने जाताना ५० मीटर अंतरावरचे झाड शेजारून जाते, तेव्हा ते सेकंदाला सुमारे १४ अंश सरकते आणि नजर त्याचा आरामात पाठलाग करते. तीच वस्तू दीड मीटरवर आली, तर सरकण्याचा हा दर सेकंदाला पावणेपाचशे अंशांच्या घरात जातो. एखाद्या हलत्या वस्तूवर नजर खिळवून ठेवण्याची डोळ्याची क्षमता सेकंदाला १०० अंशांच्या आसपासच संपते. त्यापुढे फक्त एक फराटा दिसतो. उघड्या माळावर उभारलेला कोस्टर आकाशाच्या पार्श्वभूमीवर धावतो आणि आकाश तर हलतच नाही. म्हणून तेथे वेगाचा आभास निर्माण करण्यासाठी खरोखरचा वेग खर्च करावा लागतो. बंदिस्त कोस्टरला खांब, तुळया आणि शेजारून जाणारा दुसरा रूळ हाताच्या अंतरावर आणून तेच काम फुकटात करता येते.

फ्लोरिडातील गाडीत प्रवासी एकामागे एक, पाय पुढे पसरून आणि जमिनीलगत बसतात. शेजारी कोणी नसल्यामुळे दोन्ही बाजूंना पोकळी असते, आणि डोक्यावरून अचानक एखादी काळी तुळई गेली की हात आपोआप आत घेतले जातात. खरे तर ती तुळई हाताला लागूच शकत नाही. उंच माणसाने हात पूर्ण ताणले तरी मोकळी राहील एवढी जागा रुळाभोवती सोडावी लागते. मात्र अंधुक प्रकाशात अंतराचा अंदाज चुकतो, आणि मेंदू अशा वेळी सावधगिरीच्या बाजूने चुकतो. अभियंत्याला नेमके एवढेच हवे असते.

आता अंधाराकडे वळू. रात्रीच्या एसटीने वरंधा किंवा आंबा घाट उतरताना मागच्या बाकावरच्या माणसाला मळमळते, चालकाला मात्र काही होत नाही. वळण दोघांनाही तेवढेच असते. फरक एवढाच, की चालकाला ते आधी दिसते. पुढचे वळण दिसले की मानेचे आणि पाठीचे स्नायू क्षणभर आधीच ताठ होतात, डोके वळणाच्या आतल्या बाजूला झुकते आणि धक्का सोसण्याची तयारी होते. अंधारात ही पूर्वसूचना मिळत नाही. त्यामुळे जो आडवा धक्का उजेडात किरकोळ वाटला असता, तोच तयारी नसलेल्या शरीराला हिसका म्हणून जाणवतो. वीतभर खाली घसरणाऱ्या रुळावरही पोटात गोळा येतो, तो याच कारणाने. जत्रेतल्या पाळण्यात तो येण्यासाठी पाळणा बराच वर जावा लागतो.

कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयवही अंधारात एकटा पडतो. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके फिरण्याची गती टिपतात, तर कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म स्फटिकांनी भारलेला पडदा सरळ रेषेतील त्वरण आणि गुरुत्वाकर्षण टिपतो. गोम अशी, की या पडद्याला त्वरण आणि कल यांतील भेद कळत नाही. पुढे जोराने ढकलले तरी स्फटिक मागे सरकतात आणि डोके मागे कलले तरी ते मागेच सरकतात. उजेडात डोळा हा वाद मिटवतो. अंधारात तो मिटत नाही, म्हणून समुद्रावरून रात्री उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना विमानाचे नाक प्रत्यक्षापेक्षा जास्त वर गेल्याचा धोकादायक भास होऊ शकतो. फ्लोरिडातच १९९९ मध्ये सुरू झालेला ‘रॉक अँड रोलर कोस्टर’ स्थिर अवस्थेतून २.८ सेकंदांत ताशी ९२ किलोमीटरचा वेग गाठत असे. हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.९३ पट होते. दोन्हींची बेरीज केली, तर शरीराच्या दृष्टीने ‘खाली’ ही दिशा जवळजवळ ४३ अंशांनी मागे कलते. हा भास पूर्णपणे जमायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ येथे मिळत नाही, तरी सपाट रुळावर आपण वर चाललो आहोत अशी शंका यायला ती सुरुवात पुरेशी ठरते.

याच आकड्यांतून बंदिस्त कोस्टरची एक आर्थिक बाजूही दिसते. केवळ उतारावरून घसरून ताशी ९२ किलोमीटर वेग मिळवायचा, तर घर्षण शून्य धरले तरी सुमारे ३३ मीटर उंची लागते, म्हणजे दहा मजल्यांची इमारत, आणि तिच्यावर पुन्हा छप्पर. उघड्यावर उंची वाढवायला पोलाद लागते; आत ती वाढवायला पोलादाबरोबर भिंती, वातानुकूलन आणि आग विझवण्याची यंत्रणाही वाढवावी लागते. म्हणूनच विद्युतचुंबकीय बलाने गाडी फेकण्याचे तंत्र कोस्टरांमध्ये पहिल्यांदा आले ते १९९६ मध्ये, ‘फ्लाइट ऑफ फिअर’ या ओहायो आणि व्हर्जिनियातील दोन बंदिस्त जुळ्या कोस्टरांत.

स्पेस माउंटनची कल्पना या तंत्रापेक्षा बरीच जुनी, १९६० च्या दशकातील आहे. डिस्नेचे रचनाकार जॉन हेंच यांनी तिची रेखाटने केली होती, परंतु अंधारात, एकाच छपराखाली, एकामागून एक अनेक गाड्या सुरक्षितपणे सोडण्याचे साधन त्या काळी हाताशी नव्हते. ते संगणकाच्या रूपाने आले. मुंबईकरांना ‘ब्लॉक’ हा शब्द रविवारच्या मेगाब्लॉकमुळे नकोसा झाला असला, तरी कोस्टरची सुरक्षितता त्याच तत्त्वावर उभी असते. मार्गाचे खंड पाडायचे, एका खंडात एका वेळी एकच गाडी राहू द्यायची आणि पुढचा खंड मोकळा नसेल, तर मागच्या गाडीला ब्रेक लावायचा. स्पेस माउंटनमध्ये हे काम संगणकाकडे सोपवले गेले आणि त्यामुळे दोन स्वतंत्र मार्गांवर अनेक गाड्या एकाच वेळी धावू लागल्या. या गाड्यांचे आवाज आणि शेजारच्या मार्गावरच्या किंकाळ्या हाही आता अनुभवाचाच एक भाग झाला आहे.

हेंच यांची दुसरी युक्ती मला अधिक चतुर वाटते. सुमारे ९० मीटर व्यासाच्या त्या पांढऱ्या शंकूचे काँक्रीटचे आधारपट्टे त्यांनी आतून न घेता बाहेरून घेतले. त्यामुळे बाहेरून इमारतीला तिचा प्रसिद्ध चुणीदार आकार मिळाला आणि आतला पृष्ठभाग गुळगुळीत राहिला, ज्यावर तारे आणि अशनी प्रक्षेपित करता येतात. प्रकाशाचे हे ठिपके नुसती सजावट नाहीत. निखळ काळोखात गाडी हलली, तर प्रवाशाला फक्त हादरे कळतात, डबा हलवला जातो आहे एवढेच जाणवते. विरळ ठिपके असले की जवळचे भराभर आणि दूरचे हळू सरकतात, खोलीचा आभास तयार होतो, पण रूळ कोठे वळणार हे मात्र त्यातून उमगत नाही. पुरेसे दाखवायचे आणि उपयोगाचे काहीच दाखवायचे नाही, हे प्रमाण ज्याला साधले त्याचा कोस्टर चांगला.

या प्रमाणाची तयारी रांगेतच सुरू होते. काळोखाला सरावण्यासाठी डोळ्याला वेळ लागतो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत आपली मर्यादा गाठतात, तर मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना पूर्ण सज्ज व्हायला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. फ्लोरिडातील उन्हातून आलेला माणूस लांबलचक अंधुक बोगद्यातून पुढे सरकत असतो, तेव्हा त्याच्या नकळत ही तयारी चाललेली असते. रांगेचा कंटाळा येथे सार्थकी लागतो म्हणायचा. डोळ्यांची ही तयारी तशीच राहिली असती, तर त्याला पुढचे रूळ बरेचसे दिसले असते. पण गाडी सुटल्यावर चढणीच्या आधी लखलखणाऱ्या निळ्या दिव्यांचा बोगदा लागतो. दंडपेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे असा झगमगाट त्यांची बरीच कमाई क्षणात पुसून टाकतो आणि माणूस पुन्हा अर्धवट आंधळा होऊन उतारावर पोहोचतो.

छपराचा आणखी एक फायदा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. उघड्यावरचा कोस्टर थंड सकाळी मंद आणि दुपारी जलद धावतो, कारण चाकांचे रबरी आवरण आणि वंगण तापमानाप्रमाणे बदलते. आत तापमान जवळजवळ स्थिर राहते आणि गाडी प्रत्येक वळणावर जवळजवळ ठरल्या क्षणी पोहोचते. जड गाडी आणि हलकी गाडी यांत थोडा फरक पडतो, तो रुळावरचे संवेदक सांभाळून घेतात. म्हणूनच कॅलिफोर्नियातील स्पेस माउंटनमध्ये १९९६ पासून आसनातच ध्वनिवर्धक बसवून वळणांशी जुळवलेले संगीत देता आले.

राहिला प्रश्न कथेचा, आणि येथे पुष्कळ कोस्टर घसरतात. भिंतीवर राक्षस रंगवला किंवा रांगेत चित्रफीत दाखवली म्हणजे कथा झाली असे नाही. गाडीच्या प्रत्येक हालचालीला कथेत कारण सापडले पाहिजे. १९९५ मध्ये पॅरिसजवळ सुरू झालेल्या स्पेस माउंटनने ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा आधार घेतला. त्या कादंबरीत माणसे प्रचंड तोफेतून चंद्राकडे डागली जातात. म्हणून इमारतीच्या बाहेर तिरकी तोफ उभी केली आणि गाडीला वेग देणारी यंत्रणा तिच्यातच बसवली. पाठीला बसणारा धक्का हाच तेथे तोफेचा बार होत असे, निवेदकाने वेगळे काही सांगावे लागत नसे. ऑरलँडोतील युनिव्हर्सल उद्यानात २००४ मध्ये आलेल्या ‘रिव्हेंज ऑफ द ममी’मध्ये गाडी थडग्याच्या बंद भिंतीसमोर थांबते, भिंतीतून किड्यांचे थवे बाहेर पडतात आणि गाडी उलटी मागे पळते. रूळ संपला म्हणून मागे जाणे ही यांत्रिक गरज आणि जीव घेऊन मागे पळणे ही कथेची गरज येथे एकच होते. पुढे उतरण्याचा खोटा फलाटही येतो. काम संपले असे वाटून स्नायू सैल पडतात, छतावर आगीच्या ज्वाळा पसरतात आणि गाडी खाली कोसळते. खोपोलीजवळच्या इमॅजिकातील ‘डीप स्पेस’ या अंधारातल्या कोस्टरमध्ये बसताना वाचकांनी हीच कसोटी लावून पाहावी.

मॅजिक किंगडममधील ‘पीपलमूव्हर’ ही संथ गाडी स्पेस माउंटनच्या पोटातून जाते. एरवी तिच्यातून काळोख आणि किंकाळ्या यांपलीकडे फारसे काही कळत नाही. कोस्टर बंद असून आतले दिवे लावलेले असले, तर मात्र एकमेकांत गुंतलेले रूळ, पोलादी खांबांचे रान आणि देखभालीचे जिने उघडे पडतात, आणि ज्या उतारावर काल आपला श्वास अडकला होता, तो दोन मजली घराच्या छपराहून फारसा उंच नसल्याचे दिसते.